‘रानपिंगळा दिसला!’ – मग पुढे काय?

नागपूरच्या प्रतापनगर भागातील एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षिकेने मला एक वही दाखवली. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातली गोष्ट. महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा ‘पक्षी सप्ताह’ पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस. त्या निमित्ताने बाईंनी सातवीच्या मुलांना आठ दिवस घराभोवतीचे पक्षी टिपून आणायला सांगितले होते. बहुतेक वह्यांत कावळा, साळुंकी, बुलबुल, पारवा अशी नेहमीची मंडळी होती. एका मुलाने मात्र लिहिले होते: ‘सकाळी ६.४०. घरासमोरचा कडुनिंब. रानपिंगळा. खात्रीने.’

‘खात्रीने’ या शब्दाखाली दोन रेघा होत्या.

बाईंचा प्रश्न सरळ होता. “रानपिंगळा अतिदुर्मीळ आहे, हे मला ठाऊक आहे. नाही म्हणावे तर पोराचा उत्साह जातो. हो म्हणावे तर मी त्याला काय शिकवले? मी सांगू काय त्याला?”

हा प्रश्न एका शाळेपुरता नाही. दुर्मीळ पक्षी दिसल्याची बातमी आली की पक्षी-अभ्यासकांनाही हाच प्रश्न पडतो, आणि त्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात देता येत नाही. गंमत अशी, की या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण रानपिंगळ्याचेच आहे. ते घडलेही आपल्याच राज्यात, आणि तेही नोव्हेंबर महिन्यात.

दोन पिंगळे

आधी दोन पक्ष्यांची ओळख करून घेऊ. पिंगळा, म्हणजे ठिपकेवाला पिंगळा, हा आपल्या वस्त्यांतला छोटा घुबडवर्गीय पक्षी. शास्त्रीय नाव अथीनी ब्रामा. लांबी सुमारे २१ सेंटिमीटर, म्हणजे साळुंकीएवढाच, पण गुबगुबीत. जुन्या झाडाची ढोली, घराच्या भिंतीतले भोक, वळचण, काहीही त्याला चालते. संध्याकाळी दिवेलागणीला आणि पहाटे त्याचा चिरचिराट ऐकू येतो. पहाटे दारी येऊन भविष्य सांगणाऱ्या पिंगळ्याला हे नाव मिळाले ते याच पक्ष्यावरून. त्याची भाषा आपल्याला समजते, असे तो सांगत असे. प्रतापनगर, खामला या भागांत जिथे जुनी कडुनिंबाची आणि पिंपळाची झाडे शिल्लक आहेत, तिथे तो आजही असतो.

रानपिंगळा हा त्याचा जंगलातला भाऊबंद. शास्त्रीय नाव अथीनी ब्ल्यूइटी. लांबी सुमारे २३ सेंटिमीटर. दोन सेंटिमीटरच्या फरकावरून दुरून ओळख पटणे शक्य नाही. पाहायच्या खुणा वेगळ्या आहेत. पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके स्पष्ट असतात. रानपिंगळ्याचे डोके आणि पाठ जवळजवळ बिनठिपक्यांची, करड्या-तपकिरी रंगाची असते. रानपिंगळ्याच्या छातीवर गडद तपकिरी रंगाचा दाट पट्टा असतो आणि त्याखालचे पोट स्वच्छ पांढरे असते. पिंगळ्याच्या पोटावर तुटक तपकिरी खुणा विखुरलेल्या असतात. रानपिंगळ्याची चोच आणि नख्या देहाच्या मानाने दणकट, पाय पांढऱ्या पिसांनी भरगच्च झाकलेले, पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. तो दिवसाढवळ्या शिकार करतो आणि बसल्या जागी शेपटी या बाजूस त्या बाजूस झटकतो.

जंगली पिंगळा नावाचा आणखी एक पक्षी आहे. त्याच्या सर्वांगावर बारीक आडव्या रेघा असतात. तो मध्य भारताच्या जंगलांत बऱ्यापैकी आढळतो. ‘रान’ आणि ‘जंगल’ यांचा अर्थ एकच असल्याने नावांचा घोटाळा नेहमी होतो. वहीत ‘रानपिंगळा’ लिहिलेले दिसले की लिहिणाऱ्याला या तिघांतला नेमका कोणता पक्षी म्हणायचा आहे, हे आधी विचारावे.

आता सकाळी ६.४० ची वेळ लक्षात घ्या. नोव्हेंबरात त्या वेळी सूर्य नुकता वर येत असतो. मुलगा खाली, पक्षी वर, आणि मागे उजळत चाललेले आकाश. अशा उलट्या प्रकाशात पक्ष्याचा पुढचा भाग काळपट दिसतो आणि डोक्यावरचे बारीक ठिपके डोळ्यांना जाणवत नाहीत. ठिपके नाहीत, म्हणून रानपिंगळा! मुलाचे तर्कशास्त्र बरोबर होते. ‘ठिपके दिसले नाहीत’ आणि ‘ठिपके नव्हते’ ही दोन वेगळी विधाने आहेत, एवढेच त्याच्या लक्षात आले नव्हते.

शरदाच्या अखेरीस असे का होते?

दुर्मीळ पक्षी दिसल्याच्या बातम्या आश्विन-कार्तिकात, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, नेहमीपेक्षा जास्त येतात. त्याला खरी कारणे आहेत. हिमालयाच्या पलीकडून, मध्य आशियातून आणि सायबेरियातून बदके, तुतारी, धोबी असे पक्षी या काळात खाली उतरतात. नागपूरच्या अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा या तलावांवर त्यांची ये-जा सुरू होते. त्यांत त्याच वर्षी जन्मलेली, पहिलाच प्रवास करणारी पिल्ले बरीच असतात आणि नवशिके प्रवासी वाट चुकतात. काही पक्षी तर इथे राहायला आलेलेच नसतात. ईशान्य आशियात वाढणारा अमूर ससाणा ऑक्टोबर-नोव्हेंबरात नागालँडमध्ये मुक्काम करून भारतीय द्वीपकल्प ओलांडतो आणि अरबी समुद्रावरून आफ्रिकेत जातो. २०१३ मध्ये नागालँडात तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारी छोटी यंत्रे बसवली, तेव्हा हा मार्ग नकाशावर प्रत्यक्ष उमटला. असा पक्षी एखाद्या गावावर दिवसभर दिसतो आणि दुसऱ्या दिवशी नसतो.

रानपिंगळा स्थलांतर करत नाही. पण त्याचा विणीचा हंगाम ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. या काळात तो जास्त बोलतो, म्हणून जास्त सापडतो.

दुसरे कारण पक्ष्यांकडे नसून आपल्याकडे आहे. पाऊस संपलेला, हवा स्वच्छ, दिवाळीची सुट्टी, त्यात पक्षी सप्ताह. पाहणारे डोळे एकदम वाढतात. डोळे वाढले की खऱ्या नोंदी वाढतात, आणि चुकाही वाढतात. मग खरी नोंद कोणती आणि चूक कोणती, हे कसे ठरवायचे?

थोडे अंकगणित

समजा, नागपूर शहरात निरनिराळ्या मुलांनी मिळून १००० पिंगळे पाहिले. समजा, त्यांतला एक खरोखर रानपिंगळा होता. आणि समजा, मुले चांगली तयार आहेत. १०० वेळा पाहिले तर ९५ वेळा बरोबर ओळखतात, ५ वेळा चुकतात. हे आकडे मी केवळ हिशोबासाठी घेतले आहेत.

एका रानपिंगळ्याला मुले बहुधा बरोबर ओळखतील. ही झाली एक खरी नोंद. उरलेल्या ९९९ साध्या पिंगळ्यांपैकी शेकडा ५, म्हणजे सुमारे ५० पिंगळे चुकून ‘रानपिंगळा’ म्हणून नोंदले जातील. एकूण ५१ वह्यांत ‘रानपिंगळा, खात्रीने’ असे लिहिलेले असेल आणि त्यांतली एकच नोंद खरी असेल.

इथे कोणीही खोटे बोललेले नाही. कोणी मूर्खही नाही; शंभरात ९५ गुण मिळवणारी मुले आहेत. तरीही एखादी वही उघडली तर ती नोंद चुकीची असण्याचीच शक्यता फार मोठी आहे. कारण मुलांत नसून पक्ष्याच्या दुर्मीळपणात आहे. पक्षी जितका दुर्मीळ, तितक्या थोड्या चुकासुद्धा खऱ्या नोंदीला बुडवून टाकतात.

आता हाच हिशोब सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या सागवानी जंगलात करू. समजा, तिथे १०० पिंगळ्यांमागे १० रानपिंगळे आहेत. ती मुले तेवढीच चुकणारी. १० पैकी ९ किंवा १० बरोबर ओळखले जातील. ९० साध्या पिंगळ्यांपैकी ४ किंवा ५ चुकून रानपिंगळे ठरतील. एकूण १४ नोंदी, त्यांतल्या ९-१० खऱ्या. तोच मुलगा, तेच डोळे, तीच वही; पण जागा बदलली आणि नोंदीची किंमत बदलली.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, दुर्मीळ गोष्टीचा दावा करताना पुरावा नेहमीपेक्षा भक्कम लागतो. दोन, पक्षी कुठे आणि केव्हा दिसला ही माहिती पक्ष्याच्या वर्णनाइतकीच महत्त्वाची असते. ही दुसरी गोष्ट बिघडली तर काय होते, ते आता पाहू.

सात नमुने

भारतीय राष्ट्रीय काँग्रेसच्या १८८५ मधील स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून माहीत आहेत. हेच ह्यूम भारतातील पक्ष्यांचे फार मोठे अभ्यासक होते. देशभर नेमणुकीवर असलेले अधिकारी त्यांना पक्ष्यांचे नमुने पाठवत. पेंढा-कापूस भरलेली कातडी आणि अंडी धरून सुमारे ८०,००० नमुन्यांचा संग्रह त्यांनी पुढे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला.

१८७२ मध्ये एफ. आर. ब्ल्यूइट नावाच्या अधिकाऱ्याने बसना-फुलझर भागातून एक छोटे घुबड मिळवले. हा भाग आज छत्तीसगडच्या महासमुंद जिल्ह्यात येतो. ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे वर्णन नवीन जाती म्हणून प्रसिद्ध केले आणि ब्ल्यूइटचे नाव तिला दिले. त्यानंतर भूशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल यांना एक पक्षी आजच्या ओडिशातील खरियार भागात मिळाला. आणि १८८० ते १८८४ या काळात खानदेशात नेमणुकीवर असलेले सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी तळोदा-शहादा परिसरात काही पक्षी मिळवले. सगळे मिळून सात नमुने. १८८४ नंतर हा पक्षी जणू नाहीसा झाला.

नकाशा समोर ठेवून मुलांना ही ठिकाणे दाखवा. पूर्वेला छत्तीसगड-ओडिशा, पश्चिमेला खानदेश, आणि मध्ये आपले नागपूर. म्हणजे आपल्या मुलाची नोंद ऐकताच हसण्यासारखी अजिबात नव्हती.

आठवा नमुना

संग्रहालयात मात्र आणखी एक, आठवा नमुना होता. तो कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातून आला होता. त्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहिले होते: मांडवी, तापी नदी, ९ ऑक्टोबर १९१४. हे मांडवी गुजरातेत, सुरत जिल्ह्यात आहे.

या एका चिठ्ठीने दोन गोष्टी बदलल्या. रानपिंगळा शेवटचा दिसला ते वर्ष १८८४ वरून १९१४ झाले, आणि त्याच्या वसतिस्थानांच्या यादीत गुजरात आले. पुस्तकांनी ही नोंद उचलली. एका पुस्तकातून ती दुसऱ्यात गेली. पुढे पक्ष्याचा शोध घेणाऱ्यांनी साहजिकच सर्वांत ताजी नोंद विश्वासार्ह मानली आणि त्या बाजूला शोध घेतला. हाती काही लागले नाही. अधूनमधून कोणी रानपिंगळा पाहिल्याचे सांगत असे. छापली गेलेली छायाचित्रेही नंतर तपासली तेव्हा साध्या, ठिपकेवाल्या पिंगळ्याची निघाली. आपल्या हिशोबातल्या ५१ वह्या इथेही होत्याच.

पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ दक्षिण आशियातील पक्ष्यांवरच्या मोठ्या ग्रंथासाठी संग्रहालयांतले नमुने तपासत होत्या. माइनर्ट्झहागन यांच्या संग्रहाबद्दल शंका आधीपासून होत्या. १९९३ मध्ये ॲलन नॉक्स यांनी त्यांच्या काही नमुन्यांच्या चिठ्ठ्या खोट्या असल्याचे दाखवून दिले होते. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी हा आठवा रानपिंगळा बारकाईने तपासला.

नमुना तयार करणे हे हाताचे काम आहे. कातडी कुठे कापायची, आत काय भरायचे, टाके कसे घालायचे, याची प्रत्येकाची पद्धत असते. शिंप्याच्या हाताची शिलाई ओळखू यावी तशी ती ओळखू येते. क्ष-किरण छायाचित्रे आणि प्रत्यक्ष तपासणी यांतून दिसले, की हा पक्षी एकदा तयार केल्यावर पुन्हा उसवून नव्याने भरलेला आहे. जुन्या कामाच्या ज्या खुणा आत शिल्लक होत्या, त्या डेव्हिडसन यांच्या पद्धतीशी जुळत होत्या. निष्कर्ष असा निघाला, की तो पक्षी मांडवीचा नव्हता आणि १९१४ चाही नव्हता. तो डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळवलेल्या पक्ष्यांपैकीच एक होता. संग्रहालयातून तो चोरला गेला, त्याला नवे रूप दिले गेले आणि खोट्या चिठ्ठीनिशी नवा शोध म्हणून मांडला गेला. हा अभ्यास १९९९ मध्ये ‘आयबिस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या लबाडीने नुकसान काय झाले? पक्षी तर खराच होता. कोणी पिंगळ्याला रानपिंगळा म्हटले नव्हते. खोटी होती ती फक्त जागा आणि तारीख. पण आपण मघाशी पाहिले, की शोध कुठे घ्यायचा आणि कोणत्या नोंदीवर किती विश्वास ठेवायचा हे जागेवरूनच ठरते. एका खोट्या चिठ्ठीने पुढच्या अभ्यासकांचा तो आधारच काढून घेतला. ज्या दशकांत पक्ष्याचे उरलेसुरले जंगल वाचवण्याचा विचार करता आला असता, त्या दशकांत तो नेमका कुठे आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते.

२५ नोव्हेंबर १९९७

आठवा नमुना बाजूला ठेवल्यावर चित्र स्वच्छ झाले. खात्रीच्या जागा दोनच राहिल्या, पूर्वेची आणि खानदेशची. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट भारतात आले. आधी त्यांनी पूर्वेकडच्या जागा पालथ्या घातल्या. तिथे पक्षी मिळाला नाही. मग ते पश्चिमेला, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी आले. हा भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला.

२५ नोव्हेंबरच्या सकाळी साडेआठच्या सुमारास बेन किंग यांना एका झाडाच्या उघड्या फांदीवर बसलेले छोटे घुबड दिसले. त्या क्षणी या मंडळींनी काय केले, हे मुलांना जरूर सांगावे. त्यांनी एकेक खूण तपासली: डोक्यावर ठिपके आहेत का, छातीवरचा पट्टा कसा आहे, पोट पांढरे आहे का, पाय कसे आहेत. आणि पक्षी उडून जाण्याआधी त्याचे चित्रीकरण केले, छायाचित्रे घेतली. संग्रहालयांतले नमुने ज्यांनी हातात घेऊन पाहिले होते, त्यांनासुद्धा स्वतःच्या डोळ्यांचा शब्द पुरेसा वाटला नाही. दुसऱ्या कोणालाही तपासता येईल असा पुरावा त्यांनी मागे ठेवला. रानपिंगळा ११३ वर्षांनी पुन्हा सापडला तो असा.

कुठे पाहायचे आणि काय पाहायचे हे कळल्यावर पुढचे काम भराभर झाले. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी पुढील वर्षांत सर्वेक्षण केले. तोरणमाळ, विदर्भातले मेळघाट, मध्य प्रदेशातील खंडवा-बऱ्हाणपूरकडची जंगले, असे एकेक ठिकाण नकाशावर आले. २०१४ मध्ये तर मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यात रानपिंगळा आढळला. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ या गटातून ‘संकटग्रस्त’ या गटात हलवण्यात आले. पण प्रौढ पक्ष्यांची संख्या त्या वेळीही हजाराच्या आतच धरली होती. सागाची तोड, जंगलावरची अतिक्रमणे, ढोल्या असलेल्या जुन्या झाडांची कमतरता आणि घुबडांविषयीच्या अंधश्रद्धा यांचा धोका त्याला आहेच.

वर्गात करून पाहण्याचा खेळ

वर दिलेले अंकगणित मुलांना आकड्यांपेक्षा खेळातून लवकर पटते. चाळीस मुलांचा वर्ग आणि एक फासा एवढेच साहित्य लागते.

चाळीस चिठ्ठ्या करा. ३९ वर ‘पिंगळा’, एकावर ‘रानपिंगळा’ लिहा. प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलून ती लपवून ठेवायची. मग प्रत्येकाने फासा टाकायचा. ज्याच्याकडे ‘पिंगळा’ आहे आणि फाशावर ६ आले, तो ‘चुकून रानपिंगळा दिसला’ असे धरून हात वर करेल. ज्याच्याकडे ‘रानपिंगळा’ आहे, तो फासा काहीही दाखवो, हात वर करेल. साधारण सात-आठ हात वर होतील. आता उरलेल्या मुलांना विचारा, खरा कोण? ओळखता येणार नाही.

पुढची फेरी. हात वर केलेल्यांनीच पुन्हा फासा टाकायचा आणि तोच नियम पाळायचा. याचा अर्थ, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणीतरी जाऊन तोच पक्षी पाहिला. आता दोन-तीनच हात उरतात. तिसऱ्या फेरीत बहुधा एकटा खरा उरतो. स्वतंत्रपणे पुन्हा पाहण्याची ताकद मुलांच्या डोळ्यांसमोर येते.

आता नियमात एक बदल करा. दुसऱ्या फेरीत फासा न टाकता प्रत्येकाने आपला पहिलाच आकडा पुन्हा सांगायचा. हात तितकेच राहतील! दुसऱ्या मुलाने त्याच वेळी, त्याच उलट्या प्रकाशात, ‘अरे, तो बघ रानपिंगळा’ हे ऐकून वर पाहिले, तर ती दुसरी साक्ष नव्हे, पहिल्याच साक्षीची नक्कल आहे. मांडवीची नोंद दहा पुस्तकांत छापली गेली म्हणून दहा पुरावे झाले नाहीत. चिठ्ठी एकच होती. हा मुद्दा पक्ष्यांपुरता नाही. वर्तमानपत्रातली बातमी, कानावर आलेली अफवा, चमत्काराच्या कथा, सगळीकडे तो लागू पडतो.

वही कशी लिहावी

निरीक्षणाच्या वहीत पक्ष्याचे नाव पहिल्या रकान्यात न लिहिता शेवटच्या रकान्यात लिहायला सांगावे, असे मी सुचवेन. नाव आधी लिहिले की मन त्या नावाला शोभतील तेवढ्याच खुणा गोळा करते. रकाने असे असावेत: तारीख आणि वेळ, नेमकी जागा, उजेड कोणत्या बाजूने होता, अंतर अंदाजे किती, दुर्बीण होती की नव्हती, काय दिसले, काय दिसू शकले नाही, पक्षी काय करत होता, आवाज कसा होता, सोबत आणखी कोणी पाहिले का, आणि त्याने स्वतःची वही वेगळी लिहिली का, आणि सर्वांत शेवटी नाव, त्यापुढे ‘खात्री’, ‘बहुधा’ किंवा ‘माहीत नाही’.

‘काय दिसू शकले नाही’ हा रकाना मुले आधी रिकामा सोडतात. त्यावर आग्रह धरावा. आणि ‘माहीत नाही’ असे लिहिणाऱ्याला गुण कमी देऊ नयेत.

चूक लक्षात आली तर नोंद खोडरबराने पुसू नये. तिच्यावर एक रेघ मारून शेजारी दुरुस्ती आणि तारीख लिहावी. जुने काय होते तेही वाचता आले पाहिजे. शास्त्रज्ञांच्या वह्याही अशाच असतात.

एक काळजी मात्र घ्यावी. खरोखर दुर्मीळ पक्षी सापडला आणि जवळ घरटे असेल, तर जागेचा गाजावाजा करू नये. आधी जाणत्या पक्षी-अभ्यासकाला किंवा वनखात्याला कळवावे. ढोलीत डोकावणे, खडा मारून उडवणे, आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणे हे प्रकार टाळावेत.

पुन्हा कडुनिंबाखाली

बाईंनी त्या मुलाला ‘हो’ म्हटले नाही आणि ‘नाही’ही म्हटले नाही. त्या म्हणाल्या, “तू एक दावा केला आहेस. तो खरा असला तर फार मोठी गोष्ट आहे. म्हणून आपण तो नीट तपासू. तुला काय काय दिसले नाही, ते आधी सांग.”

मुलाने विचार केला. पाय दिसले नव्हते. पाठ दिसली नव्हती. डोके काळपट दिसले होते.

बाईंनी त्याला झाडाच्या दुसऱ्या बाजूला, सूर्याकडे पाठ येईल असे उभे राहायला सांगितले. वर्गातल्या आणखी एका मुलीला वेगळ्या दिवशी, एकटीने पाहून यायला सांगितले. दोघांनी आपापल्या वह्या एकमेकांना न दाखवता बाईंकडे दिल्या.

त्या कडुनिंबाच्या ढोलीत पिंगळ्यांची एक जोडी राहत होती. डोक्यावर ठिपके होते. मुलाने आपल्या जुन्या नोंदीवर रेघ मारली आणि खाली लिहिले: ‘पिंगळा. दोन. ठिपके आहेत. त्या दिवशी उजेड मागून होता.’ यावेळी ‘खात्रीने’ हा शब्द नव्हता. तो लिहिण्याची गरजही राहिली नव्हती.

बाईंनी वही माझ्यासमोर ठेवून विचारले, “याला दुर्मीळ पक्षी काही मिळाला नाही. मग प्रकल्प फुकट गेला का?”

मी म्हटले, शहाद्याच्या त्या फांदीवरचा पक्षी रानपिंगळाच आहे हे जगाने मान्य केले, ते पाहणाऱ्यांनी आधी असंख्य पिंगळे ‘हा तो नव्हे’ म्हणून बाजूला ठेवले होते म्हणून. आपल्या मुलाने त्यातला पहिला बाजूला ठेवला आहे. उद्या हा मेळघाटात गेला आणि तिथून ‘रानपिंगळा दिसला’ असे लिहून पाठवले, तर त्याच्या वहीवर मी विश्वास ठेवीन.